घटना घडते तिथे नोंद : ॲप ॲनालिटिक्सच्या दोन बाजू

बसचे तिकीट विकणारे एखादे ॲप घ्या. प्रवासी गाडी निवडतो, आसन निवडतो आणि यूपीआयने पैसे भरण्याचे बटण दाबतो. त्या क्षणी तिकिटाचे ॲप मागे जाते आणि पेमेंटचे दुसरे ॲप समोर येते. तिथे पिन टाकला जातो, खात्यातून पैसे वळते होतात, हिरवी खूण दिसते आणि प्रवासी फोन खिशात ठेवतो. तिकिटाच्या ॲपकडे तो परत येतच नाही, किंवा तो परत येईपर्यंत कमी मेमरीच्या फोनने ते ॲप बंद करून टाकलेले असते. ‘तिकीट विकले गेले’ ही मोजणी ॲपच्या शेवटच्या स्क्रीनवर बसवलेली असेल, तर हे तिकीट विकलेच गेले नाही असे डॅशबोर्ड सांगतो. पैसे आलेले असतात, आसन राखलेले असते, पेमेंट गेटवेचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवर पोचलेला असतो. तरीही आठवड्याच्या बैठकीत ‘पेमेंटच्या पायरीवर ग्राहक का गळतात’ हा विषय येतो, त्यावर उपाय ठरतात, बटणाची जागा बदलते, सवलतीचे कूपन दिले जाते. जी गळती नव्हतीच ती थांबवण्यासाठी खर्च होतो आणि खरी गळती, म्हणजे पैसे गेले पण तिकीट मिळाले नाही असे प्रवासी, त्या आकड्यात दिसतही नाहीत. ॲनालिटिक्स कुठून करायचे हा प्रश्न तांत्रिक तपशिलाचा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर कोणत्या माणसाची अडचण कंपनीला दिसणार आणि कोणाची दिसणार नाही हे ठरते. म्हणून या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात साधनांच्या तुलनेने करू नये असे मला वाटते.

नोंद दोन ठिकाणी होऊ शकते. पहिले ठिकाण वापरकर्त्याच्या हातातले उपकरण. ब्राउझरमध्ये उतरलेला जावास्क्रिप्टचा टॅग किंवा मोबाइल ॲपमध्ये बसवलेली एसडीके (तयार कोडचा संच) टॅप, स्क्रोल, स्क्रीन टिपत राहते आणि बहुतेक वेळा ते थेट मोजणीची सेवा देणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे पाठवते. हे क्लायंट-साइड ॲनालिटिक्स. दुसरे ठिकाण ॲप चालवणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिली गेली, पैसे जमा झाल्याचे कळले, सदस्यत्व संपले, की सर्व्हर स्वतः त्या घटनेची नोंद ठेवतो. हे सर्व्हर-साइड. या दोहोंतले चांगले कोणते, असा प्रश्न सहसा विचारला जातो, आणि उत्तरादाखल फायद्या-तोट्यांचा तक्ता मिळतो. तो तक्ता वाचून निर्णय करता येत नाही, कारण निवड अख्ख्या ॲपसाठी एकदाच करायची असते हे त्यामागचे गृहीतकच चुकीचे आहे. निवड घटनेगणिक करायची असते. प्रत्येक घटना कुठेतरी खरी ठरते. पैसे भरले गेले हे फोनवर खरे ठरत नाही, बँकेच्या आणि सर्व्हरच्या खात्यात ठरते. मराठी मजकूर बटणात मावला नाही म्हणून अर्धा कापला गेला, हे सर्व्हरवर कधीच खरे ठरत नाही, ते फक्त त्या पडद्यावर घडते. घटना जिथे खरी ठरते तिथेच तिची नोंद व्हावी, आणि शंका असेल तेव्हा सर्व्हरला प्राधान्य द्यावे, हे माझे म्हणणे आहे. फोनवर टिपायच्या प्रत्येक गोष्टीला मात्र ‘सर्व्हरला हे का दिसत नाही’ या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे.

सर्व्हरवरची मोजणी ही अलीकडची टूम आहे असा एक समज आहे. इतिहास उलटा आहे. वेबवरची मोजणी सर्व्हरवरच जन्मली. १९९० च्या दशकात प्रत्येक मागणीमागे वेब सर्व्हर आपल्या लॉगमध्ये एक ओळ लिहीत असे: आयपी पत्ता, वेळ, मागितलेले पान, उत्तराचा कोड, किती बाइट गेले. केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांचा ‘ॲनालॉग’ हा प्रोग्रॅम १९९५ पासून याच ओळी वाचून तक्ते काढत होता. ही पद्धत मागे पडली त्याला तेव्हा सबळ कारणे होती. इंटरनेट पुरवठादारांचे प्रॉक्सी सर्व्हर पाने साठवून ठेवत आणि मूळ सर्व्हरला न विचारताच ग्राहकांना देत, त्यामुळे वाचलेली पाने लॉगमध्ये येत नसत. एका आयपी पत्त्यामागे शेकडो माणसे असत. शोधयंत्रांचे बॉट माणसांत मिसळत. पानातच बसवलेला जावास्क्रिप्टचा टॅग यांतल्या बऱ्याच अडचणी दूर करत होता. गूगलने २००५ मध्ये सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी घेतली, जिचे मूळ उत्पादन लॉग वाचणारेच होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स फुकट खुले केले. टॅग जिंकला तो अचूकतेच्या जोरावर जिंकला असे मी मानत नाही. तो जिंकला कारण जाहिरात विभागाला तो अभियंत्यांची मनधरणी न करता लावता येत होता. दोन-चार ओळी चिकटवल्या की दुसऱ्या दिवशी आलेख तयार. कंपनीतली ही सोय पुढे सवय झाली, आणि वेब पानांसाठी निघालेली पद्धत ऑर्डर, कर्ज, तिकीट, परीक्षा अशा व्यवहारांनाही जशीच्या तशी लावली गेली. पान साठवून ठेवता येते, ऑर्डर साठवून ठेवता येत नाही. प्रत्येक ऑर्डरसाठी सर्व्हरला विचारावेच लागते. म्हणजे टॅगकडे वळण्याचे जे सर्वांत मोठे तांत्रिक कारण होते ते व्यवहारांच्या बाबतीत मुळातच लागू नव्हते. २०२० मध्ये गूगलनेच टॅग सांभाळणाऱ्या आपल्या टॅग मॅनेजर या साधनाची सर्व्हरवर चालणारी आवृत्ती आणली, तेव्हा चक्राचा एक फेरा पुरा झाला.

उपकरणावरची नोंद किती गळते हा पुराव्याचा भाग आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिनसारखी साधने ओळखीच्या मोजणी-सेवांकडे जाणारी मागणीच अडवतात. सफारीने २०१९ मध्ये जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचे (पाहुणा ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेचे) आयुष्य ७ दिवसांवर आणले आणि मार्च २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी सरसकट बंद केल्या. त्यामुळे दर दहा दिवसांनी येणारा नियमित वाचक त्या मोजणीत प्रत्येक वेळी नवा पाहुणा ठरू शकतो. मोबाइल ॲपमध्ये इव्हेंट, म्हणजे घटनांच्या नोंदी, आधी फोनवर साठतात आणि मग गठ्ठ्याने पाठवले जातात. मधल्या काळात ॲप काढून टाकले, डेटा पॅक संपला किंवा फोनने ॲप मारून टाकले, तर गठ्ठा जातो. याहून चिवट अडचण जुन्या आवृत्त्यांची. एखाद्या इव्हेंटचे नाव चुकले किंवा तो दोनदा पाठवला जात असेल, तर सर्व्हरवर ती चूक एका डिप्लॉयमध्ये सुधारते. फोनवर ती चूक ज्याने अपडेट घेतले नाही त्याच्यासोबत वर्षभर राहू शकते, आणि ज्यांच्या फोनमध्ये जागा कमी ते अपडेट टाळतात. शिवाय मोजणी-सेवेकडे नोंदी पाठवण्याची फोनमधली किंवा पानातली किल्ली उघडी असते. ती घेऊन कोणीही खोटे इव्हेंट पाठवू शकतो. २०१४ ते २०१६ या काळात असंख्य छोट्या संकेतस्थळांच्या गूगल ॲनालिटिक्समध्ये कधीच न घडलेल्या भेटी दिसत होत्या. पाठवणाऱ्यांनी त्या संकेतस्थळांचे एकही पान उघडले नव्हते. त्यांनी थेट मोजणीच्या सर्व्हरकडे बनावट नोंदी धाडल्या होत्या.

गळती सगळीकडे सारखी असती तर ती फारशी त्रासदायक नव्हती. शंभरातले नव्वद मोजले गेले आणि उरलेले दहा कोणीही असू शकतात, तर प्रमाण तेच राहते. पण गळणारे लोक विशिष्ट असतात. ब्लॉकर लावणारे तंत्र जाणणारे असतात, तर इव्हेंट हरवणारे बहुधा स्वस्त फोनचे आणि कमकुवत नेटवर्कचे असतात. ख्रिस झकारायस या अभियंत्याने २०१२ मध्ये यूट्यूबवरचा एक प्रयोग लिहून ठेवला आहे, आणि या मुद्द्यासाठी त्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. व्हिडिओचे पान सुमारे १.२ मेगाबाइटचे झाले होते. त्याने ते १०० किलोबाइटच्या आत आणले आणि थोड्या वापरकर्त्यांना देऊन मोजले. पान लोड व्हायला लागणारा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला. नकाशावर पाहिल्यावर कारण उमगले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका इथल्या ज्या लोकांना आधीचे पान उघडणेच अशक्य होते, ते हलक्या पानामुळे पहिल्यांदाच मोजणीत आले होते. त्यांना दोन मिनिटे लागत होती, पण पान उघडत होते. आधी ते सरासरीत नव्हते, कारण मोजणारा कोडच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. जे पान उघडू शकत नाहीत त्यांची अडचण त्या पानातला टॅग सांगू शकत नाही. सर्व्हरला मात्र मागणी आल्याचे माहीत असते. पान मागितले गेले आणि पान पूर्ण उघडले, या दोन आकड्यांतले अंतर काढले असते तर ही माणसे आधीच दिसली असती. मेळघाटात किंवा गडचिरोलीत वापरले जाणार असलेले ॲप बांधणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

मोजणीपलीकडेही एक प्रश्न आहे. बाहेरच्या कंपनीची एसडीके ॲपमध्ये बसवणे म्हणजे तिचा कोड आपल्या ॲपच्या सर्व अधिकारांनिशी चालू देणे. ६ मे २०२० रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२० रोजी आयफोनवरची स्पॉटिफाय, पिंटरेस्ट यांसारखी ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. त्या कंपन्यांनी काही बदलले नव्हते. फेसबुकने स्वतःच्या सर्व्हरवर केलेल्या बदलामुळे त्या ॲपमध्ये बसलेली फेसबुकची एसडीके सुरू होतानाच कोसळत होती, आणि तिच्यासोबत ॲपही. ज्यांनी फेसबुकने लॉगिन केलेले नव्हते त्यांनाही त्याचा फटका बसला. त्याआधी दहा वर्षे, जानेवारी २०१० मध्ये, फ्लरी या मोबाइल ॲनालिटिक्स कंपनीने ॲपलच्या आवारात अजून जाहीरच न झालेल्या टॅबलेटची सुमारे ५० उपकरणे आपल्या नोंदींत दिसल्याचे सांगितले होते. चाचणी करणाऱ्यांनी उघडलेल्या ॲपमध्ये फ्लरीची एसडीके होती, एवढेच त्यामागचे कारण. स्टीव्ह जॉब्स यांनी त्याच वर्षी जूनमध्ये याबद्दल जाहीरपणे संताप व्यक्त केला. ॲपलसारख्या गुप्तता जपणाऱ्या कंपनीची ही स्थिती, तर साध्या रुग्णाची काय असेल? औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्स या अमेरिकी कंपनीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि १५ लाख डॉलरचा दंड ठरला. वापरकर्त्यांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गूगल यांसारख्या जाहिरात कंपन्यांकडे गेली होती, आणि ती जाण्याचा एक मार्ग म्हणजे ॲपमधले व संकेतस्थळावरचे टॅग. पाठवल्या जाणाऱ्या काही इव्हेंटमध्ये औषधांची नावेच होती. असा टॅग लावणाऱ्याच्या मनात सहसा वाईट हेतू नसतो. पण टॅग थेट बाहेर बोलतो, मध्ये कोणी वाचून पाहत नाही. सर्व्हरवरून नोंद करताना माहिती आधी आपल्या हातात येते, काय पुढे जाऊ द्यायचे ते आपण ठरवतो आणि औषधाचे नाव गाळूनही इव्हेंट पाठवू शकतो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला वजनदार आक्षेप असा की सर्व्हर आंधळा आहे. त्याला फक्त पूर्ण झालेल्या मागण्या दिसतात, संकोच दिसत नाही. साडीच्या दुकानात रोजकीर्दीत विकलेल्या साड्या लिहिलेल्या असतात, पण कोणत्या साड्या उलगडून पाहिल्या आणि परत घडी घालून ठेवल्या हे गादीवर बसलेल्या विक्रेत्यालाच ठाऊक असते, आणि पुढच्या हंगामाची खरेदी त्याला विचारल्याशिवाय होत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अर्ज भरताना माणूस जन्मतारखेच्या रकान्यात तीन वेळा अडखळला, स्क्रीन उघडायला सहा सेकंद लागली, ॲप क्रॅश झाले, मराठी जोडाक्षरे तुटून दिसली, या घटना उपकरणावरच खऱ्या ठरतात आणि तिथेच टिपल्या पाहिजेत. क्रॅशची नोंद सर्व्हरकडून मागणे निरर्थक आहे. त्याला फक्त शांतता ऐकू येते. पण या आक्षेपातून ‘म्हणून सगळेच क्लायंटवर टिपा’ हे निघत नाही. विक्रेत्याला पसंती विचारतात, दिवसाचा गल्ला रोजकीर्दीतूनच काढतात. प्रयत्न, अडखळणे, वाट पाहणे हे क्लायंटने सांगावे. निष्पत्ती सर्व्हरने सांगावी. क्लायंटचे आकडे प्रमाण आणि कल पाहण्यासाठी वापरावेत, महसूल किंवा लाभार्थ्यांची संख्या सांगण्यासाठी नव्हे. शिवाय अडखळण्याचा अभ्यास करायला प्रत्येक माणसाचा प्रत्येक टॅप कायमचा साठवावा लागत नाही. काही टक्के सत्रांचा नमुना आणि काही आठवड्यांचा काळ बहुतेक प्रश्नांना पुरतो.

याच आक्षेपाचे एक रूप ऑफलाइन ॲपचे आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी डोळ्यांसमोर ठेवा. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पेऱ्याची नोंद मोबाइलवरून करायची, अशी ती योजना. शेतात नेटवर्क असेलच असे नाही. अशा ॲपची मोजणी सर्व्हरवर कशी करणार, असे विचारले जाते. इथे एकच घटना आहे असे मानल्यामुळे गोंधळ होतो. प्रत्यक्षात दोन घटना आहेत: माहिती भरली गेली ही एक, आणि ती पोचली ही दुसरी. पहिली फोनवर खरी ठरते, तिला फोनची वेळ लागते, आणि फोनचे घड्याळ चुकीचे असू शकते हे गृहीत धरावे लागते. दुसरी सर्व्हरवर खरी ठरते, तिला सर्व्हरची वेळ लागते. शेतकऱ्याच्या हक्काच्या दृष्टीने नोंद झाली असे म्हणायचे ते दुसरीनंतरच. आणि या दोन वेळांतले अंतर गावनिहाय काढले, तर कोणत्या गावांत माणसे भरलेली माहिती पोचवण्यासाठी टेकडीवर किंवा तालुक्याला जात असतील, याचा अंदाज सरकारला घरबसल्या येईल. क्लायंट आणि सर्व्हर यांना एकमेकांचे पर्याय मानले तर हा आकडा निघतच नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. टॅग एका दुपारी लागतो, सर्व्हरवरच्या नोंदीला अभियंता लागतो, आणि पुण्या-नाशिकच्या चार जणांच्या टीमला तो वेळ कुठून आणायचा? उत्तर असे की सर्व्हरवर टिपण्याच्या घटना मोजक्या असतात. बहुतेक ॲपमध्ये खाते उघडले, पैसे आले, पैसे परत गेले, सेवा पुरी झाली, सदस्यत्व थांबले अशा पाच-सात घटनांवर सगळे हिशेब उभे असतात, आणि त्या डेटाबेसमध्ये आधीच लिहिल्या जात असतात. ऑर्डर लिहिणाऱ्या व्यवहारातच इव्हेंटची एक ओळ वेगळ्या टेबलात लिहायची आणि दुसऱ्या प्रक्रियेने ती सावकाश पुढे पाठवायची, याला ट्रान्झॅक्शनल आउटबॉक्स म्हणतात. ऑर्डर लिहिली गेली तर इव्हेंटही लिहिला जातो, ऑर्डरची नोंद फसली तर इव्हेंटही राहत नाही. अर्थात सर्व्हरलाही स्वतःचे दोष आहेत आणि ते लपवू नयेत. उत्तर आले नाही म्हणून मागणी पुन्हा पाठवली की घटना दोनदा नोंदली जाते, म्हणून प्रत्येक घटनेला जन्मतःच एक न बदलणारा क्रमांक द्यावा लागतो. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि त्याने वापरकर्त्याचे ठिकाण न कळवता इव्हेंट बाहेरच्या सेवेकडे पाठवले, तर सावंतवाडीचा आणि चंद्रपूरचा माणूसही नकाशावर मुंबईत दिसतो. लॉगिनआधीचा अनोळखी पाहुणा आणि लॉगिननंतरचा ग्राहक एकच आहे हे जोडण्यासाठी क्लायंटकडून एक ओळख-क्रमांक घ्यावाच लागतो. बॉट गाळावे लागतात. ही कामे खरी आहेत. पण ती एकदा करून संपतात किंवा निदान आपल्या ताब्यात राहतात. हरवलेला क्लायंट इव्हेंट मात्र नंतर कितीही खर्च केला तरी परत मिळत नाही. सर्व्हरवरची आकडेवारी चुकली तर डेटाबेसमधून पुन्हा मोजता येते.

‘मग दोन्हीकडून पाठवा’ हा सल्ला सोपा आहे आणि तो अनेक ठिकाणी पाळला जातो. जाहिरातींच्या मोजणीसाठी मेटासारख्या कंपन्या ब्राउझरचा पिक्सेल (म्हणजे त्यांचा टॅग) आणि सर्व्हरवरची कन्व्हर्जन्स एपीआय दोन्ही लावायला सांगतात, आणि समान इव्हेंट-क्रमांकावरून दुबार नोंद वगळतात. तिथेही क्रमांक जुळवण्याची शिस्त नसेल तर विक्री दुप्पट दिसते. इतर ठिकाणी दोन्हीकडून आलेले आकडे जुळत नाहीत आणि महिन्याअखेरीस ‘खरा आकडा कोणता’ या वादात माणसांचे दिवस जातात. एका घटनेला एकच मालक हवा. ‘पैसे भरायचे बटण दाबले’ आणि ‘पैसे मिळाले’ यांना वेगळी नावे द्यावीत, पहिले क्लायंटचे, दुसरे सर्व्हरचे, आणि एकाची जागा दुसऱ्याने कधी घेऊ नये.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सर्व्हरच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या वागण्यावर आहे. सर्व्हर-साइड ॲनालिटिक्स आज अनेकदा ‘ॲडब्लॉकरला चकवा द्या’ अशा भाषेत विकले जाते. बाहेरच्या कंपनीचा सर्व्हर आपल्याच डोमेनच्या नावामागे दडवला की ब्राउझरला तो घरचाच वाटतो. ही युक्ती इतकी पसरली की २०२० मध्ये सफारीने अशा कुकीचे आयुष्यही ७ दिवसांवर आणले. ब्राउझरमधून काय बाहेर जाते हे जाणकार वापरकर्ता किंवा पत्रकार निदान तपासू शकतो. सर्व्हरमागून काय जाते ते कोणालाच दिसत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर नाही. ज्याने नको म्हटले त्याची माहिती मागल्या दाराने पुढे पाठवणे हे चुकीचे आहे, मग साधन कोणतेही असो. कायद्यालाही नोंद कुठे झाली याने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर आलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो, संमतीची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळण्याची सोय मागतो, आणि काही अपवाद सोडले तर १८ वर्षांखालील मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवायला मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ऑर्डर पोचवण्यासाठी ऑर्डरची नोंद ठेवणे आणि तीच नोंद जाहिरात कंपनीला देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी मिळालेली परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. सर्व्हरवरून मोजायचे तर संमतीची खूण प्रत्येक इव्हेंटसोबत प्रवास करायला हवी आणि नकार आला की बाहेरचा मार्ग सर्व्हरवरच बंद व्हायला हवा. हे करण्याची तयारी नसेल तर सर्व्हर-साइडकडे वळू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

हे वाचणाऱ्यांत ॲप बांधणारे असतील तसे ते मागवणारेही असतील: सहकारी बँकेचे अधिकारी, शिक्षणसंस्थेचे चालक, शासनाच्या एखाद्या विभागातले प्रकल्पप्रमुख. दोघांनाही विनंती एकच. आपल्या ॲपमधल्या सर्वांत महत्त्वाच्या घटनेचे नाव घ्या, पैसे मिळाले किंवा अर्ज स्वीकारला गेला यांपैकी जी असेल ती. गेल्या महिन्यातली तिची संख्या डॅशबोर्डवरून घ्या आणि डेटाबेसमधून वेगळी काढा. दोन आकडे शेजारी लिहा, मग त्यांतल्या फरकात मोडणारी माणसे कोणत्या फोनची, कोणत्या नेटवर्कची, कोणत्या तालुक्यातली आहेत ते शोधा. साधन निवडण्याची चर्चा त्यानंतर करा.